झाडाच्या अलीकडे

हाउकिनिएमी, १७ मे १९३१

सेवेरी,

मेलेल्या माणसाला पत्र लिहायचं तर मायना काय घालायचा, हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. प्रेमाचं काही लिहिलं तर तू नाक मुरडशील आणि 'स्वर्गवासी' लिहिलं तर बंदरावरचा टपालवाला हसेल. म्हणून नुसतं सेवेरी.

तुझं कार्ड मिळालं. पुढे कोत्काच्या बंदराचं चित्र आणि मागे तीन ओळी. "झाड पाहिलं. कोट मी पत्त्यांत हरलो होतो. तुम्ही सगळं रीतसर केलंत, आता मी येत नाही." इतक्या वर्षांनी भावाचं अक्षर दिसलं ते असं. घरात बाबा होते, म्हणून ते कार्ड मी गोठ्यात नेऊन वाचलं. गाईलाच मोठ्याने वाचून दाखवलं. ती रवंथ करत राहिली. तिला तू आवडत नव्हतासच.

म्हणजे तो तूच होतास. दुकानदारीण सांगत होती, दुधाच्या गाडीवरून एक परदेशी टोपीवाला उतरला, चर्चच्या वाटेवरच्या पाइनपाशी गेला, टोपी काढून बराच वेळ उभा राहिला आणि आला तसा परत गेला. "लाकूड कंपनीचा माणूस असेल, झाडं मोजायला आलेला," म्हणे. झाडं मोजणारे टोपी काढत नाहीत एवढं मला कळतं. मी तशीच निघाले. मुळांच्या बेचक्यात कॉफीचा पुडा ठेवलेला होता. तो मांडीवर घेऊन मी तिथेच बसले. तिथून आपलं धुराडं दिसतं, सेवेरी. तू आपल्या घरचा धूर पाहिलास आणि पाठ फिरवलीस.

आता रागावू नकोस, ऐक. 'तुम्हाला मला पुरायची घाई झाली होती' असं तू लिहिलं नाहीस, पण मला ते वाचता आलं. आईने शेवटच्या हिवाळ्यात विणलेला तो कोट. कॉलरच्या आत आपली घरखूण शिवलेली. तो २६ सालच्या शरदात पोस्टाने घरी आला. तुमच्या तिकडच्या, अमेरिकेतल्या खानावळवालीने लिहिलं होतं की हा घालून जो माणूस जंगलात लाकूडतोडीला गेला तो कोसळणाऱ्या झाडाखाली सापडला, खूण बघून घर शोधून काढलं, कोट आम्ही धुतला आहे. त्याआधी वर्षभर तुझं एक अक्षर नाही. मग तूच सांग, आम्ही काय समजायचं होतं?

प्रेत नव्हतं म्हणून पाद्रीबाबांनी दफन करू दिलं नाही. पण झाड आपलं, त्याला पाद्रीबाबांची परवानगी लागत नाही. कोट घोडागाडीत ठेवून आम्ही पाइनपर्यंत गेलो. बाबांनी स्वतः वर चढून फांद्या छाटल्या, खोडाची साल तासली, आईच्या खुणेखाली क्रूस कोरला, तुझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं, वर्ष कोरलं. एकेक घोट प्यायलो. सरकारने दारूबंदी केली आहे, पण झाडाला ते अजून कुणी कळवलेलं नाही. मग कोट घरी आणून दाराजवळच्या खुंटीला अडकवला. तो अजून तिथेच आहे.

नियम तुला मी सांगायला नको. गेलेल्याला थडग्यातून झाडापर्यंत वाट मोकळी असते. झाडाच्या पुढे, घराच्या बाजूला, त्याला पाऊल टाकता येत नाही. पण सेवेरी, हा नियम मेलेल्यांना आहे. तू कोत्काला गोण्या उचलतोस आणि खारवलेले मासे खातोस. मेलेला माणूस हे करतो का?

ये. बाबा ठणठणीत आहेत.

सायमी


हाउकिनिएमी, २५ जून १९३१

सेवेरी,

मिडसमरचा सण झाला. दाराच्या दोन्ही बाजूंना बर्चच्या फांद्या मीच लावल्या, तळ्याकाठची होळी रिस्तोने पेटवली. तो समोरच्या काठावरचा रिस्तो, ज्याची बायको चार हिवाळ्यांपूर्वी गेली. होळीपाशी तो माझ्या शेजारी बसला आणि पुष्कळ वेळाने म्हणाला, "सायमी, तुझ्या घराचं छप्पर एका बाजूने वाकलंय." आपल्या सावो प्रांतातला माणूस ह्याच्यापेक्षा जास्त प्रेम बोलून दाखवत नाही. मी म्हटलं, "वाकू दे, म्हातारं झालंय." त्याने होळीत एक ओंडका सरकवला. मीही.

तुझं उत्तर नाही. म्हणून इथे काय झालं ते तुला सांगते.

कार्डाचं मी बाबांना सांगितलं. आठवडाभर जीभ रेटत नव्हती. शेवटी चुलीपाशी उभी राहून एका दमात म्हटलं, "बाबा, सेवेरी जिवंत आहे."

"कोण म्हणतं?"

"तोच म्हणतो. लिहिलंय त्याने."

"मेलेले काहीही लिहितील."

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी ते लांब धरलं, मग जवळ धरलं.

"अक्षर त्याचंच आहे?"

"त्याचंच."

"अजून तसंच घाणेरडं?"

"तसंच, बाबा."

ते भिंतीकडे तोंड करून वळले. त्यांचे खांदे हलत होते. मी बाहेर जाऊन नसलेली लाकडं फोडत बसले. तू निघालास त्या दिवशी हा माणूस धान्याच्या कोठारातून बाहेर आला नव्हता, तुला निरोप दिला नव्हता, हे मी विसरलेले नाही. तूही विसरू नकोस. पण आता ह्या खांद्यांचंही लक्षात ठेव.

झाडाचं काय करायचं यावर इथे रोज खल चालतो. रिस्तो म्हणाला, "मी करवत घेऊन येतो. दुपारपर्यंत आडवं करू." लोवीसाआजी कॉफीला आलेली होती. शेजारची लोवीसाआजी, जिने ह्या पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांना जन्मताना धुतलं आणि उरलेल्यांना मेल्यावर. तिने कप इतक्या जोरात ठेवला की बशी तडकली.

"करवत लाव हो, लाव! हीसी राक्षसाच्या रानाच्या कडेचं झाड आहे ते. तिथे लहानपणी साधी शीळ घातली तरी माझ्या आजीने मला बडवलं होतं. त्या झाडाला लोखंड लावणारा पुढचा हिवाळा बघत नाही. आणि एकटा सेवेरीच आहे का त्याच्यावर? ह्यांचे आजोबा आहेत, दोन तान्ही पोरं आहेत, हिची आई आहे. झाड गेलं की त्यांनी कुठे थांबायचं? माझ्या अंगणात?"

रिस्तोने पाव तोंडात कोंबला.  आईची खूण तू स्वतः कोरलीस, एकवीस वर्षांचा होतास. सुरी घसरून तुझा अंगठा कापला आणि आईच्या क्रुसाला तुझं रक्त लागलं. ते झाड पाडा असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

मग मी म्हटलं, त्या कोटात कुणीतरी मेलंच आहे ना? तो क्रूस त्या बिचाऱ्याचा म्हणा. बाबा पडल्या पडल्या बोलले, "तो आपला नव्हता. झाडाला आपलं माणूस दाखवलंय. ते आपलं माणूसच मागतं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच.

तेव्हा मला एक सुचलंय. झाड वाटेवर आहे, तळ्यात नाही. तू चर्चकडून येऊच नकोस. पलीकडच्या धक्क्यावर उतर, रिस्तो होडीने तुला आणेल. झाड दिसणारही नाही.

इथलं गवत यंदा छान आलंय. कापायला मी आणि रिस्तो. बाबांना दुसरी कामं आहेत.

सायमी


हाउकिनिएमी, २३ ऑगस्ट १९३१

सेवेरी,

अर्धं पान आलं. अर्ध्या पानालाही मी आता राजी आहे.

तू लिहितोस, "पाण्यावरून तर मेलेलेच येतात. आईने सांगितलेलं विसरलीस का?" नाही विसरले. तुओनेलाची काळी नदी, मेलेल्यांचं गाव पलीकडे, आणि काठावर कपडे धुणारी ती आखूड हातांची मुलगी, जी 'का आलास' ते विचारल्याशिवाय होडी आणत नाही. आपण दोघं धक्क्यावर बसून तिला हाका मारायचो आणि कुणीतरी ओ देईल ह्या भीतीने घरी पळायचो. तू रिस्तोला त्या मुलीच्या जागी बसवलंस, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याचे हात तसे लांब आहेत.

पण त्याच्या पुढचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "ज्याची खूण कोरली तो झाड ओलांडून घरात शिरला तर घरातलं एक माणूस घेऊन जातो. बाबा म्हातारे आहेत. मी आलो आणि ह्या हिवाळ्यात त्यांना काही झालं, तर मला ते सहन होणार नाही."

म्हणजे रागाने येत नाहीस असं नाही. भीतीने येत नाहीस. हे तीन महिन्यांपूर्वी लिहिलं असतंस तर!

आता मी जे लपवलं ते सांगते. बाबा ठणठणीत नाहीत. गवत त्यांनी कापलं नाही कारण त्यांना उभं राहवत नाही. मागच्या पत्रात ते 'पडल्या पडल्या' बोलले, तेव्हा ते खरंच पडून होते. पोटात गाठ आहे, मे महिन्यापासून अंथरूण धरलंय. रिस्तोने त्यांना गाडीत घालून शहरात नेलं होतं, डॉक्टरने हात लावून बघितलं आणि मला बाजूला घेऊन हवापाण्याच्या गप्पा मारल्या, तेव्हाच मी समजले. बाबांनी मला बजावलं होतं, "त्याला आजाराचं सांगून बोलावू नकोस. आजाराला म्हणून येणारा आजार बघायला येतो, माणसाला नाही." म्हणून मी तोंडाला कुलूप लावून बसले होते.

तर हे बघ. तू येण्याने घरात मरण येईल असं म्हणतोस. मरण तुझ्यासाठी थांबलेलं नाही. ते तुझ्या आधीच येऊन बाकावर बसलंय, मी त्याला रोज ओलांडून पाणी आणते.

रायचं पीक कापून झालं. माझ्या हाताला फोड आलेत म्हणून अक्षर असं. ये, सेवेरी. निदान बाबा तुझ्या अक्षराला नावं ठेवू शकतील तोवर ये.

सायमी


हाउकिनिएमी, ११ ऑक्टोबर १९३१

सेवेरी,

तुझं कार्ड वाचून मी आधी चिडले, मग रडले, मग भांडी घासली.

"मे महिन्यात मी झाडापर्यंत आलो आणि मे महिन्यातच त्यांनी अंथरूण धरलं." असं लिहितोस! अरे शहाण्या, त्यांचं जेवण गेलं तेव्हा तळ्यावर हातभर बर्फ होता. तू तेव्हा जहाजातही चढला नव्हतास. ताटातला मासा ते गुपचूप मांजराला घालायचे आणि मी मांजर लठ्ठ झालं म्हणून कौतुक करत होते. दोष घ्यायचाच असेल तर मला घेऊ दे, मी घरात होते. सगळ्या जगाचं बरंवाईट आपल्याच पायाने होतं असं वाटणं हा गर्व आहे, सेवेरी. तो तू बाबांकडून घेतलास.

मागच्या आठवड्यात सारस गेले. दोन दिवस घरावरून आवाज येत होता, मग एकदम थांबला. आई सांगायची ना, आभाळ जिथे वाकून जमिनीला टेकतं तिथे पाखरांचं गाव आहे, तिथलं छप्पर इतकं खाली की माणसंही बुटकी, आणि रात्री वर दिसतो तो पांढरा पट्टा म्हणजे तिथे जायची पाखरांची वाट. तू म्हणायचास, मी जाणार. अमेरिकेला निघालास तेव्हा मी मनाशी म्हटलं, जा, बघून ये, पाखरं तरी परत येतात. ह्या वर्षी सारस गेले तेव्हा मी अंगणात उभी होते आणि बोलायला कुणी नव्हतं. बाबा झोपलेले होते. घर खायला उठतं ते हे असं. मी एकटी आहे, सेवेरी. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, गाईलासुद्धा नाही.

आता मुद्द्याचं.

तुझ्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तर ठीक आहे, तुझंच खरं. तू मेलेला आहेस. मग मेलेल्यासारखा वाग! केक्री जवळ आली आहे. शेतीचं वर्ष संपतं त्या संध्याकाळी गेलेली सगळी माणसं घरी येतात, आपण वाफेचा सौना तापवतो, टेबल मांडतो आणि स्वतः बाजूला होतो. त्या एका संध्याकाळी झाड कुणालाही अडवत नाही. आजोबा येतात, आई येते, ती दोन पोरं येतात. तूही ये. त्या संध्याकाळी आलेला मेलेला घरातलं कुणाला नेत नाही, हे लोवीसाआजीला विचारून घेतलंय. आधी ती म्हणाली, "असं कधी कुणी केलेलं नाही." मग कॉफीचा दुसरा कप संपवून म्हणाली, "पण करू नये असंही कुणी म्हटलेलं नाही."

बाबांना सांगितलं. त्यांनी बोटांवर केक्रीपर्यंतचे दिवस मोजले. मग म्हणाले, "कालाकुक्को कर. त्याला डुकराच्या चरबीचा जास्त आवडतो." पाच वर्षांत त्यांनी पहिल्यांदा 'आवडतो' म्हटलं. त्याआधी तुझं सगळं 'आवडायचं' होतं.

तू ये.

सायमी


हाउकिनिएमी, ३ नोव्हेंबर १९३१

सेवेरी,

तू आला नाहीस.

कारणं मला माहीत नाहीत आणि ह्या पत्रात मी ती विचारणार नाही. काय झालं तेवढं लिहिते, कारण ते तुझं आहे.

सौना दुपारीच तापवला. आधी गेलेल्यांना, मग आपल्याला, हा क्रम आहे. पण बाबा म्हणाले, "मी त्यांच्याबरोबरच जातो. थोड्याच दिवसांचा फरक आहे." रिस्तोने त्यांना उचलून वरच्या बाकावर बसवलं. हा माणूस एकेकाळी दोन पोती एकदम उचलायचा, आता रिस्तोच्या हातात लाकडाच्या मोळीएवढा. आम्ही दार लोटून बाहेर थांबलो. आतून पाणी दगडांवर टाकल्याचा आवाज आला, आणि मग त्यांचं बोलणं.

"सरक की जरा. लहानपणापासून सगळी जागा अडवतोस." थोडं थांबून, "पाठ घास म्हटलं तर घासायचास नाहीस. बस, बस. मी घासतो."

रिस्तो तळ्याकडे तोंड करून उभा राहिला. मी माझी शाल चावली.

त्यांना बाहेर आणलं तेव्हा त्यांनी अंगावर मारायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी नीट झटकून बाकावर ठेवली होती, पुढच्या माणसासाठी ठेवतात तशी.

टेबलावर कालाकुक्को होता, वाफ येत असलेला, रायच्या पावाच्या कवचात आतले मासे काट्यांसकट मऊ झालेले. दही होतं, बटाटे होते, आणि तूच आणलेली ती कॉफी. मी तो पुडा मेपासून उघडला नव्हता. कवचावर सुरी ठेवली आणि मी बाबांना घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसले. बाबा दाराकडे कान लावून होते. एकदा कुत्रं भुंकलं. बाबांनी माझं मनगट पकडलं. त्यांच्या हातात एवढी ताकद उरली आहे हे मला माहीत नव्हतं. पण तो कोल्हा होता.

सकाळी कालाकुक्को होता तसाच होता. बाबा म्हणाले, "बरं झालं. त्याने विचारपूर्वक केलं. वर्षातून एकदा जेवायला येणारा मुलगा कुणाला हवाय?"

मग म्हणाले, "तो कोट खाली काढ."

मी खुंटीवरून काढला, धूळ झटकली. त्यांनी मला तो त्यांच्या अंगात घालायला लावला. बाह्या लांब झाल्या, पण खांदे बसले. कॉलरच्या आतली आईची शिवण त्यांनी बोटांनी चाचपून बघितली.

"बसतो," ते म्हणाले. "राहू दे अंगात. थंडी आहे."

त्यांनी आणखीही काही सांगितलं. ते मी आत्ता लिहिणार नाही.

सायमी


हाउकिनिएमी, १३ डिसेंबर १९३१

सेवेरी,

बाबा गेले. काल त्यांना पोचवलं.

तुला तार केली नाही, आणि तू मला जन्मभर ह्याबद्दल बोल लावशील. पण तसा त्यांचा हुकूम होता. शब्दशः देते: "त्याला बोलावलंस तर तो झाडाच्या पलीकडे उभा राहून बघेल आणि मग परत जाईल. ते मला नको. आधी मला माझं काम करू दे."

काम कोणतं, ते आता ऐक.

केक्रीच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी मला सांगितलं, "सायमी, माझी चूक झाली असं मी म्हणत नाही. कोट आला, मी बापाचं कर्तव्य केलं. पण त्या क्रुसाखाली पाच वर्षं जागा रिकामी आहे. कोरलेली खूण पुसता येत नाही, रिकामीही ठेवता येत नाही. ती भरावी लागते. घरातलंच माणूस लागतं. मी आहे ना." मला कळलं नाही असं मी दाखवलं. ते चिडून म्हणाले, "मला वेगळा क्रूस कोरायचा नाही. एक मेलेला, एक क्रूस. त्याच्या जागेवर मी जाणार. कोटासकट."

म्हणून त्यांना त्या कोटात ठेवलं. लोवीसाआजी अंग धुऊन चर्चचा काळा कोट घेऊन उभी होती, मी हा पुढे केला. तिने माझ्याकडे बघितलं, कॉलरच्या आत बघितलं, आणि बटणं लावायला घेतली. "म्हातारा शेवटपर्यंत हट्टी," ती म्हणाली, आणि तिचं नाक लाल झालं. तिला रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

स्लेज पाइनपाशी थांबली. बर्फ पडून गेलेला, हीसीच्या रानात एक पाखरूही नव्हतं. रिस्तोने बाटली काढली. शहरातल्या दवाखान्याने खोकल्यावर दिलेली म्हणे. संपूर्ण पंचक्रोशीला एकदम खोकला झालेला आहे. एकेक घोट झाला. मग सगळे थांबले. खूण घरचा पुरुष कोरतो, आणि घरचा पुरुष कोत्काला. रिस्तोने कुऱ्हाड उचलून माझ्याकडे बघितलं. तो विचारत होता, मी कोरू का, आणि त्याचबरोबर आणखी एक गोष्ट विचारत होता. मी म्हटलं, "त्याचं उत्तर वसंतात देईन. कुऱ्हाड इकडे आण."

बाईने खूण कोरायची नसते. कुणीतरी मागे कुजबुजलं. लोवीसाआजी मागे न वळता म्हणाली, "मग तू जन्माला घाल आणि तूच पूर." 

क्रुसाला मी हात लावला नाही. त्याखालचं तुझं अक्षर तासून काढलं. लाकूड गोठून दगड झालेलं, दोनदा कुऱ्हाड उसळली. बाबांनी फार खोल कोरलं होतं, सेवेरी. वरवर कोरलं असतं तर दोन ढलप्यांत निघालं असतं. तुझं अक्षर कोरताना त्या माणसाने सगळा जीव ओतला होता, हे मला ते पुसताना कळलं. मग बाबांचं, ईसाक्कीचं, अक्षर कोरलं आणि वर्ष बदललं. वेडंवाकडं झालंय. ते असते तर नावं ठेवली असती. नेहमीप्रमाणे फांद्या छाटायच्या होत्या, पण छाटायला काही उरलेलंच नव्हतं. तुझ्यासाठी त्यांनी सगळ्या छाटून ठेवल्या होत्या.

तुझ्या अक्षराच्या ढलप्या मी रुमालात घेतल्या. घरी येऊन चुलीत घातल्या आणि त्यावर कॉफी केली. पाइनच्या राळेचा धूर झाला, डोळ्यांतून पाणी आलं. चांगलं निमित्त मिळालं.

आता घरात मी आहे, गाय आहे आणि लठ्ठ मांजर. दुपारी तीन वाजताच अंधार होतो. मी दिवा लावते आणि चुकून दोन कप काढते. खुंटीकडे बघायची सवय आहे, ती आता मोकळी आहे. तुझा जो कुठला कोट सध्या अंगात असेल, त्याच्यासाठी ती मोकळी ठेवते. पत्त्यांत हरू नकोस.

मी आता तुझी समजूत घालणार नाही. तुझ्या नावाची खूण त्या झाडावर नाही. मी स्वतः हात फिरवून बघितलंय. तळ्यावरून येऊ नकोस, केक्रीला येऊ नकोस. दिवसाढवळ्या चर्चच्या वाटेने ये.

झाडापाशी आलास की थांब. टोपी काढ, आणि त्या कोठाराच्या दिवसापासून जे बोलायचं राहिलंय ते बोलून घे, घाई करू नकोस. बाबा तिथेच आहेत. त्यांना झाडाच्या पुढे घरी येता येत नाही. तुला येतं.

सायमी